म्हातारचळ

पुंता आरेनासमध्ये वारा सुटला की
चौकाचौकांत दोर बांधतात.
माणसं दोर धरून बँकेत जातात, पाव आणायला जातात.
शहराच्या टोकाला, लोकरीच्या जुन्या गोदामात
पत्रा थडथडतो
आणि बोतोन त्या आवाजावर झडप घालतो.

आवाज सापडत नाही. तरी घालतो.

बोतोन म्हणजे बटण. वय वर्षं चौदा, दात तीन.
उजव्या कानाला दुमड,
कुणीतरी खूण म्हणून पान दुमडावं
आणि मग पुस्तकच विसरून जावं, तशी.
मागचा पाय फळीवर चढताना कुरकुरतो,
पण बाटलीचं बूच घरंगळलं
की त्याच पायाला काही म्हणता काही आठवत नाही.
नेल्दा तिच्या भाषेत यावर बरंच बोलते.
माझ्याकडे एकच शब्द आहे: म्हातारचळ.

पिंजऱ्याच्या कार्डावर ती लिहिते १४.
तो गजांतून पंजा काढून एकाचा आकडा ओरबाडतो.
उरतो चार.
ती पुन्हा लिहिते. तो पुन्हा.
या महिन्यात सहा कार्डं झाली.
"लोकांशी खोटं नको," ती त्याला समजावते,
तो नखं चाटत ऐकून घेतो.

शनिवारी लोक येतात, पिल्लांच्या खोलीशी बूट साचतात.
एक मुलगी मात्र इथे थांबली होती.
बूच तिच्याकडून याच्याकडे, याच्याकडून तिच्याकडे,
दहा मिनिटं.
मग वडिलांनी (ताज्या) कार्डावरचं वय वाचलं
आणि तिच्या टोपीची नाडी आवळत म्हणाले,
चल, बस जाईल.
बोतोननं आपली पाळी खेळून टाकली.
बूच मोरीत गेलं.
मी काढून दिलं तर पाठ फिरवून बसला,
माझ्याशी कट्टी. मिनिटभरच.

जूनमध्ये इथे सकाळचे साडेनऊ वाजले तरी दिवे चालूच असतात.
तशा पिवळ्या उजेडात दानित्सा बाई आल्या.
गोदीच्या कचेरीत चाळीस वर्षं हिशेब लिहिलेल्या,
हातात वेताची पेटी.
"मांजर नकोय मला. पेटी द्यायला आलेय."
आतल्या गादीवर करडे केस होते अजून.
कुणाचे, ते नेल्दानं विचारलं नाही,
पावतीपुस्तक शोधायला आत गेली.

मी पिंजरा धूत होते, बोतोन मोकळा,
आणि रिकामी पेटी दिसली की तो आपल्या बापाचंही ऐकायचा नाही.
आधी डोकं घातलं. थबकला.
ते केस हुंगले,
बराच वेळ,
उंबऱ्यात दुसऱ्याच्या चपला दिसल्यावर
पाहुणा थांबतो तसा.
मग शिरला, आतल्या आत वळला,
आणि वेताच्या फटीतून पंजा बाहेर!
बाईंच्या हातमोज्याचं एक बोट पकडलं.

"सोड रे."
सोडेना.
"सोड, मेल्या,"
आणि त्यांनी ओढलं, जरा कमीच जोरानं.

"केवढा आहे?"
चौदाचा, मी म्हटलं.
"इथे तर चार लिहिलंय."
तोच खोडतो, बाई.
त्या हसल्या नाहीत. चष्मा पुसला,
ओरबाडलेल्या जागेवरून उघडं बोट फिरवलं.
"खाडाखोड केली तर बाजूला सही लागते,"
एवढंच म्हणाल्या
आणि वाऱ्यात गेल्या.

हातमोजा इथेच राहिला.
नोंदवहीत त्यांचा नंबर आहे.
नेल्दानं दोनदा वही उघडली, दोनदा मिटली.
बाहेर दोर ताठ झालेत,
उघड्या हातानं धरवत नाहीत,
हे तिला माहीत आहे. बाईंनाही.

बोतोन पेटीतच झोपतो आता.
उठला की हातमोज्याला उताणा पाडतो,
अंगठ्यात तोंड खुपसून जिंकतो,
सोडून देतो, लांब जातो, दबा धरतो,
जणू पहिल्यांदाच भेटतोय.

आत्ता काहीतरी थडथडलं.
पत्रा असेल.
नेल्दा उठून दाराकडे गेली.