पन्नासपैकी एकोणपन्नास

सावद्याला, केळी पिकवायच्या खोल्यांपाशी माझी रात्रपाळी.
बाहेर मे महिना, रात्री अकरालाही भिंत चटका देते,
आत सोळा अंश. काटा वर-खाली गेला
की मालकाचा फोन येतो.
नाही गेला तर येत नाही.
नऊ वर्षं काटा हललेला नाही.
म्हणजे नऊ वर्षं फोनही नाही.

म्हणून असेल, पहिल्यांदा ते टिंग वाजलं
तेव्हा मी खुर्चीत सावरून बसलो.
भुसावळच्या रेल्वे क्वार्टरातून हितेंद्र झोपेचा जुना गेम आणलेला.
त्यात एक गुराखी, एक मोठं पठार, कुठंतरी हरवलेला एक राजा.
मी नुसता ओढा ओलांडला होता,
दगडादगडावरून, पाय न भिजवता,
तर कोपऱ्यातून सोनेरी पट्टी सरकत आली :
'कोरडे पाय. पन्नासपैकी पहिली कामगिरी.'

कुणीतरी बघत होतं तर.

हसू नका.
पालच्या घाटात भरला ट्रक मी रिव्हर्स घेतलाय,
मागं दरी, क्लीनर पळून गेलेला.
फेगड्यांच्या लग्नात तुराट्यांवर
सव्वा क्विंटल वांगी एकट्यानं भाजलीत.
कोपऱ्यात काही सरकलं नाही.

मग ती यादी सापडली.
शंभर पिसं गोळा करा.
कोंबडीला धक्का न लावता गाव पार करा.
विहिरीत तीनशे वेळा नाणं टाका.
टाकलं. अंगठ्याला घट्टा पडला.
दोनशे सत्तरच्या आसपास वाटलं, ही तर हमालीच,
हमालाला निदान चहा तरी मिळतो.
तरी पोचलो तीनशेला. टिंग.
तीनशे एकावं नाणं मात्र टाकलं नाही,
तेव्हा कळलं की विहीर मला कधी आवडलीच नव्हती.

आधी मी त्या पठारावर थांबायचो.
संध्याकाळी तिथं सातपुड्यासारखी निळी रेघ दिसते
आणि सगळं गवत एका कुशीवर वळतं.
यादीनंतर त्या गवतात फक्त पिसं दिसायला लागली.
शहाण्णवावं पीस ज्या कड्यावर होतं
तिथं मागं धबधबा आहे म्हणे. हितेंद्र सांगतो.
मला आठवत नाही.
राजा कुठं सापडला तेही नीट आठवत नाही,
त्याचं टिंग आठवतं.

एकोणपन्नास झाल्या.
पन्नासावी : 'सोबती. दुसऱ्या खेळाडूबरोबर नदी पार करा.'
हितेंद्रला फोन लावला. तो म्हणाला,
अरे, त्यांनी सर्व्हर बंद केला, दिवाळीतच.
आता जगात कुणालाच मिळायची नाही ती.
तरी आठवडाभर मी त्या काठावर जाऊन उभा राहिलो.
गुराखी हात हलवतो, तेवढं एक बटण आहे.
अठ्ठ्याण्णव टक्के.
कळण्याच्या भाकरीचा कण दातात अडकावा
तसे ते दोन.

परवा बहीण डबा घेऊन आली, सोबत तिची यशिका.
पोरगी खेळायला बसली ती उठेना.
पाऊण तास नुसती कोंबड्यांमागं धावली,
कोंबडी फडफडली की खिदळायची.
एका बकरीचं नाव ठेवलं बिबडी.
ओढ्यात मुद्दाम उतरून उभी राहिली.
म्हटलं, अगं, राजा हरवलाय.
तर म्हणाली, येईल की घरी.

मी शेजारी मूठ आवळून.
विहिरीमागं, घोंगडीखाली, पहिलं पीस.
तीनदा ती दहा पावलांवरून गेली.
मी काट्याकडे पाहिलं. सोळा.
परत पडद्याकडे पाहिलं.
आणि तोंडून गेलंच :
'विहिरीमागं बघ.'

टिंग.
तिचा चेहरा उजळला, खोटं कशाला बोलू,
माझाही.
बिबडी मागं ओरडत राहिली.
पडद्याला नाक लावून पोरगी म्हणाली,
'मामा, आजून कुठी हाये?'

मला शंभरच्या शंभर जागा पाठ आहेत.