परतीचं पाकीट

पाच पानं शाई केलेली, एक पान सारांश,
पात्रांची रेखाटनं आणि अर्ध्या पानाचं पत्र.
पुण्याच्या प्रकाशकाला एवढंच हवं होतं.
आम्हाला अकरा महिने लागले.

जुबेर भद्रकालीत नंबरप्लेटी रंगवायचा,
स्टिकर आले तेव्हा त्याने ब्रश धुऊन ठेवले.
मी नाशिकरोडला झेरॉक्सच्या दुकानात.
दुसऱ्यांचे सातबारे, दुसऱ्यांच्या गुणपत्रिका,
पाठपोट.
रात्री शटर अर्धं ओढून
वाया गेलेल्या कागदांच्या कोऱ्या बाजूवर
मी चौकटी आखायचे.

गोष्ट अशी : तांबट आळीतली एक बहिरी मुलगी, रत्नी.
हातोड्यांचे ठोके तिच्या फक्त तळव्यांना कळतात.
पण जुन्या हंड्याला कान लावला
की त्या घरात कधीकाळी बोललेलं सगळं
तिला ऐकू येतं.
‘कथा एका वाक्यात सांगा,’ असं सूचनांमध्ये होतं.
मी एकोणीस वाक्यं लिहिली.
विसावं जुबेरने चहा बशीत ओतता ओतता सांगितलं :
जिला काहीच ऐकू येत नाही, तिलाच सगळं माहीत आहे.
ते मी पत्रात माझं म्हणून लिहिलं.
त्याने वाचलं. काही बोलला नाही.

भांडण झालं ते चौथ्या पानावरून.
तुझे फुगे माझ्या आभाळावर बसतात, तो म्हणाला.
आभाळ तर रिकामंच आहे, मी म्हणाले.
रिकामं नाही. तिथं ती ऐकतेय.
तीन दिवस फोन नाही.
मग मी त्या पानावरचे सगळे शब्द काढले,
त्र्याऐंशी होते,
आणि पान पहिल्यांदा वाजलं.

मग सारांश.
‘शेवट लपवू नये. संपादकास तो कळला पाहिजे.’
लपवायला माझ्याकडे शेवट होता कुठं?
जुबेरला वर्षभर सांगत आले, आहे रे, डोक्यात आहे.
एका दुपारी गिऱ्हाइकाने कागद उलटा ठेवला.
मशीनमधून कोरं पान आलं,
कोमट.
ते हातात धरून मी उभी राहिले, मागे रांग खोळंबली.
नवा हंडा! ज्यात अजून कोणी काही बोललेलं नाही.
रत्नी त्याला कान लावते. काही नाही.
मग तोंड लावते.

अण्णा एकतीस वर्षं प्रेसमध्ये,
नोटांच्या शीटमधल्या चुका शोधायला.
कॉमिक त्यांनी आयुष्यात हातात धरलं नव्हतं.
पाचही पानं खिडकीपाशी नेली,
एकेक उजेडासमोर धरली, तिरकी केली.
दुसऱ्या पानावर, तिसऱ्या चौकटीत, म्हणाले,
हिला सहा बोटं आहेत.
होती.
बाकी कसं वाटलं, अण्णा? चांगलं आहे का?
ते जरा गोंधळले.
तसं मला कधी कोणी विचारलं नाही गं.
चूक आहे की नाही, एवढंच विचारायचे.

‘पानं परत हवी असल्यास
स्वतःचा पत्ता लिहिलेलं, तिकिटं लावलेलं पाकीट जोडावं.’
म्हणजे नकाराचं भाडं आपणच आगाऊ भरायचं.
तिकिटं इथलीच, आमच्या गल्लीपासून दोन स्टॉपवर छापलेली.
ती पुण्याला जाणार,
आणि बहुतेक घरी येणार.
अण्णांनी ती ओळीत चिकटवली,
अंगठ्याने प्रत्येकीच्या दातऱ्या दाबल्या.
मी पत्र पुन्हा टाइप केलं. ते वाक्य जुबेरचं, असं लिहिलं.
पाकिटावर नावही त्याचं आधी, मग माझं.
माझ्या हातून माझाच पत्ता
इतका सुवाच्य कधी आला नव्हता.

पोस्टात खिडकीवरच्या माणसाने वजन केलं,
तीनशे दहा ग्रॅम.
आत काय, पुस्तक?
अजून नाही, मी म्हणाले.
त्याने माझ्याकडे पाहिलं,
आणि ‘कागदपत्रे’ असं टाइप केलं.