शेवटचा रकाना

सिनेमासाठी आम्ही पुन्हा खड्डे खणले
गोबीच्या त्याच कडेला.
संध्याकाळी खणलेलं सकाळी निम्मं बुजलेलं.
कामगार वैतागले.
म्हातारे तान ह्वाइरन तेवढे म्हणाले,
"बुजवायचं काम वाराच करायचा.
उघडं पाडायचंही."

माझ्याकडे सामानाचं खातं:
टवके उडालेले वाडगे, ठिगळांच्या रजया,
आणि छावणीची नोंदवही,
चहाच्या पाण्यात बुडवून मी जुनी केलेली.
तानना दाखवली.
त्यांनी चष्मा कपाळावर चढवला,
पान नाकाशी नेऊन हुंगलं.

"अक्षर फार सुरेख आहे, पोरी.
शाई गोठायची. दौत काखेत धरून बसायचो मी.
एक नाव लिहून होईतो
बोटं दुसऱ्याची वाटायला लागायची."

मी, म्हणाले ते.
मी खुर्ची पुढे केली. बसले नाहीत.

मग बोट शेवटच्या रकान्यावर आलं.
तिथं मी लिहिलं होतं
भूक. खाली भूक. त्याखाली भूक.

"हे चुकलं.
हा शब्द चालत नव्हता.
हृदयविकार लिही. यकृत. सूज.
जुनं दुखणं, हेही चालायचं."
ते सांगत गेले, मी खोडरबरानं पुसत, लिहीत गेले,
बाजारहाटाची यादी घ्यावी तशी.

नवव्या ओळीशी थांबले.
"हे नाव कुणाचं?"
कुणाचंच नाही, म्हटलं, मनानं बनवलेलं.
"मग इथं फू देचाव घाल.
भूगोल शिकवायचा. माझ्या शेजारी झोपायचा.
त्याची बायको आली तीन आठवड्यांनी,
आगगाडीनं, बिस्किटांचा डबा घेऊन.
म्हणाली, हृदय? अहो, हे नदी पोहून जायचे.
मी वही उघडून दाखवली तिला.
माझंच अक्षर."

बाहेर कुणीतरी भोंग्यावरून जमावाला
आडवं व्हायला सांगत होतं.
डबा कुणी खाल्ला, ते मी विचारलं नाही.
त्यांनीही ते सांगायचं टाळलं असावं.

"ही एक ओळ," ते म्हणाले,
"तू आधी लिहिली होतीस तशीच ठेव."

पडद्यावर वही चार सेकंद दिसते.
त्यातही वाऱ्यानं पान उलटतं.
दृश्यं जुळवून पाहणारा पोरगा रात्री माझ्याकडे आला,
नवव्या ओळीत चूक राहिलीय म्हणाला.

राहिलीय, म्हटलं मी,
आणि वही पेटीत टाकून कुलूप लावलं.