हासळी

दसऱ्यानंतरचा दुसरा रविवार.
बुट्टेनाथच्या दरीत उतरणारी पायवाट,
मुरूम सुटलेला, कडेच्या सीताफळांनी डोळे उघडलेले.
मी पुढचा ब्रेक दाबला. मागचा दाबायचा होता.
एवढंच.
लोकांना मात्र रानडुक्कर हवं असतं,
म्हणून स्टाफरूममध्ये तिसऱ्यांदा सांगताना
मी एक रानडुक्कर घातलं मधे.

उजव्या खांद्यावर पडलो. आवाज आला
वाळकी तुराटी गुडघ्यावर मोडावी तसा.
मागचं चाक बराच वेळ फिरत राहिलं,
टिक टिक टिक,
त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

मेडिकलमधल्या पोरसवदा डॉक्टरनं
काळी फिल्म उजेडाला धरली :
"हासळी मोडलीय, सर."
आईला फोनवर तेच सांगितलं.
ती थोडा वेळ गप्प.
"कोणती रे? मपली तर कवाच मोडली,
तुझ्या बहिणीच्या डीएडला."
अठरा तोळे चांदी, परळीच्या सोनाराकडं.
डीएड झालं. नोकरी लागली नाही.
आमच्या घरात मोडलेली हासळी
परत जुळल्याचं उदाहरण नाही.

पाच आठवडे हात पट्ट्यात.
खुर्चीत बसून झोपायचो,
रातराणी एसटीत झोपतात तसा,
आणि गाव काही यायचं नाही.
उज्ज्वला शर्टाची बटणं लावायची, खालून वर,
शेवटचं लावताना माझ्याकडं न बघता.
पायजम्याच्या नाडीबद्दल काही लिहीत नाही.

शाळेत फळ्यावरची तारीख
सातवीतली आश्लेषा मस्के लिहायची.
एकदा तिनं कालचीच राहू दिली.
मीही पुसली नाही.
माझ्या खांद्यात तसाही
तो रविवारच चालू होता.

मग तहसीन मॅडम, फिजिओथेरपी, खोली नंबर नऊ.
"वाका. हात सोडून द्या. पूरा सोडो, सर.
तुम्ही धरून ठेवलाय."
मला वाटत होतं, मी सोडलाय.
"दुखतंय का भीती वाटतीय?
दोन्हीतलं नक्की कोणतं, ते सांगत जा."
मी म्हणालो, दुखतंय.
त्यांनी वहीत काहीतरी दुसरंच लिहिलं.

घरी भिंत. बोटांनी चढायचं, मुंगळ्यासारखं,
पोचेल तिथं पेन्सिलची रेघ.
तीन डिसेंबर : स्विचबोर्ड.
दहा : कॅलेंडरची खालची कड.
सतरा : तिथंच.
चोवीस : दोन बोटं खाली.
बालाघाटाचे सगळे चढ मी गिअर पाडून चढलोय,
इतका उभा, इतका चुन्याचा, इतका वीतभराचा
त्यात एकही नव्हता.

कॅलेंडरच्या वर खिळा. खिळ्याला हेल्मेट.
उज्ज्वलानं टांगलं, स्टुलावर चढून,
मी दवाखान्यातून आलो त्याच संध्याकाळी.
त्यावर आमचं बोलणं झालं नाही.
सायकल जिन्याखाली, पुढचं चाक वाकडं,
टायरच्या खाचांत दरीतला मुरूम तसाच.

जानेवारीत गुणवंतच्या शेतात हुरडा.
आगटीभोवती सगळे गरम कणसं चोळतायत, फुंकर घालतायत.
हुरड्याला दोन तळहात लागतात.
त्याच्या वडलांनी आपल्या ओंजळीतला
माझ्या डाव्या हातात ओतला.
"खा मास्तर. बैलाचा खांदा आला
तर त्यालाबी जू लावत नसतेत."

त्या रात्री उज्ज्वला हळद-तेल कोमट करून आली.
मी म्हणालो, खांदमळणी?
"आज आवतन घ्या," ती म्हणाली, "उद्या जेवायला या,"
आणि हसली, तीन महिन्यांत पहिल्यांदा,
हाडावरच्या गाठीवरून अंगठा फिरवत,
जिथं ते जुळलंय, थोडं चुकून.

काल मधल्या बोटाचं टोक
हेल्मेटच्या पट्ट्याला लागलं.
पट्टा हलला.
स्वयंपाकघरातलं लाटणं थांबलं.
मी हात उतरवला, रेघ ओढली, तारीख घातली.

आज शाळेतून आलो, तर
खिळा वीतभर वर.
जुन्या भोकात टूथपेस्ट भरलेली, अजून ओली.
स्टूल तिथंच, तिच्या पावलांचे ठसे पुसायचे राहिलेले.

मी दप्तर ठेवलं
आणि बोटं भिंतीला लावली.