मुद्देमाल क्रमांक चौदा

जेल रोडला वळलो की गाडीतला रेडिओ बंद करतो.
गेटवर मोबाईल, पट्टा, पेन काढून द्यायचं,
मनगटावर निळा शिक्का घ्यायचा.
पोलिसाला तो लागत नाही खरं तर,
पण इथला म्हातारा वॉर्डर कुणालाच सोडत नाही.

आत सिन्नर फाट्याची पोरं सर्कल तीनला,
त्यांचं वैर सर्कल पाचशी,
आणि रक्त सांडतं बाहेर,
सातपूरच्या एखाद्या पानटपरीसमोर.
मधला धागा शोधायचा, एवढंच माझं काम.
तो कधी पावाच्या लादीत असतो, कधी वकिलाच्या फायलीत,
बहुतेक वेळा चिठ्ठीत.

चिठ्ठ्या सगळ्यांच्या कडलग लिहितो.
सातवी नापास, पण अक्षर असं
की शाळेच्या फळ्यावर सुविचार लिहायला ठेवावा.
दोन बिड्या द्यायच्या नि सांगायचं, घरी कळव.
खुनाचा हुकूम आणि आईचा गुडघा
एकाच वळणात बाहेर पडतात,
एकाच सा. न. वि. वि. खाली.

एका वर्षी ओळ आली:
'पश्चिमेच्या प्लॉटची छाटणी दसऱ्याआधी उरका.'
आम्ही हसलो. नाशिकच ते,
द्राक्षांशिवाय कोण काय लिहिणार.
नवमीला गायधनी गेला.
कोयत्याचे एकोणीस वार.
पंचनामा लिहिताना मी मोजायला दोनदा चुकलो.

तेव्हापासून हा शब्द
कृषी केंद्राच्या पाटीवर दिसला तरी
मी खाली तारीख बघतो.

पुढच्या ऑगस्टअखेर पुन्हा.
सुकदेव बोरस्ते, कच्चा कैदी, बरॅक नऊ.
भावाला, मुक्काम खेडगाव:
'छाटणीची घाई करू नको.
मी सांगेन तेव्हाच कात्री लाव.'

मी सांगेन तेव्हाच.
आणखी काय हवं होतं?
लाखेचं सील, दोन पंच,
मुद्देमाल क्रमांक चौदा.
वरिष्ठांनी पाठ थोपटली.
खेडगावला साध्या कपड्यातली दोन माणसं बसवली.
कात्री कुणावर चालेल याची यादी केली,
तीन नावं, तिघांनाही बंदोबस्त.

तिघेही जिवंत आहेत.
एकानं परवा मुलीच्या लग्नाची पत्रिका पाठवली.

भावानं मात्र चिठ्ठीची वाट पाहिली, पाहिली
आणि सप्टेंबरच्या मध्यावर कात्री लावली.
बाग फुलोऱ्यात आली नि आभाळ भरून आलं,
चार दिवस हललं नाही.
डाऊनी पानांच्या पाठीवरून घडांत उतरला.
हवालदार पगार फोनवर हळू आवाजात म्हणाला,
'साहेब, इथं खरंच बाग आहे हो.'

नोव्हेंबरात बोरस्तेला समोर बसवला.
शिव्या देईल असं वाटलं होतं.
त्यानं विचारलं, 'फवारणी कसली केली त्यानं?'
मी म्हणालो, माहीत नाही.
'दोन माणसं होती ना तुमची बांधावर? दीड महिना?
नुसतीच बसली?'

कडलगला मी एकटं गाठून विचारलं,
तुला तरी कळायचं का,
कुठली छाटणी खरी?
तो बोटावरची शाई थुंकी लावून पुसत राहिला.
'साहेब, मी शब्दाला अर्थ विचारत नाही.
विचारला असता
तर आजवर हात राहिला नसता.'

चौदा नंबर अजून कोर्टाच्या कपाटात आहे.
परत करायला अर्ज लागतो,
अर्ज कुणी केलेला नाही.

काल घरी पोचलो तर अंधार.
फ्रिजवर बायकोची चिठ्ठी:
'प्रेसवाल्या वहिनींकडे जाते. उशीर होईल.
ओट्यावर झाकून ठेवलंय.'
कोण वहिनी, आठवेना.
काय झाकलंय, लिहिलं नव्हतं.
चिठ्ठी दिव्याखाली धरून मी मागची बाजूही पाहिली,
मनगटावरचा शिक्का अजून ओला असल्यासारखा चमकत होता.

मग झाकण उचललं.
वांगी होती.