तिसऱ्या अंकातली पाठ

बावीस जत्रा तो प्रमदा झाला.
देवळामागच्या पडवीत, पिवळ्या बल्बखाली
मी त्याला नऊवारी नेसवायची,
तोंडात टाचण्या धरून.

नाटक मराठीत, घर कोकणीत.
मंचावर तो रडायचा ते शुद्ध, अनुस्वारासकट;
घरी आला की पेज, खारातली कैरी
आणि दोघांच्या मधे न बोललेली कोकणी.

तिसऱ्या अंकात नवरा म्हणतो, "जा."
प्रमदा काही बोलत नाही. पाठ फिरवते.
त्या पाठीला शिरोड्यापासून सावर्ड्यापर्यंत टाळ्या.
एकदा चांदीचा पेला मिळाला.
आता त्यात त्याच्या गोळ्या असतात.

यंदा म्हणे नाटक पुन्हा बसवलं,
निनाद केरकर म्हणून मुलगा आहे, नाट्यशाळेत शिकून आलेला.
पडदा नाही, पेटी नाही,
चौदा पदांतलं एक उरलं, तेही गुणगुणण्यापुरतं.
एक खुर्ची. आणि प्रमदा खरीखुरी बाई,
शाल्मली नावाची, बँकेत कामाला.

ती घरी आली विचारायला,
"आजोबा, ती पाठ कशी फिरवायची?"
तो उठला. गुडघा कुरकुरला. अर्धा वळला,
थांबला. आठवेना.
मग स्वयंपाकघराकडे तोंड करून,
एकोणपन्नास वर्षांत पहिल्यांदा:
"गे, मात्शी हांगा यो. तूं कशी वळटाली?"

हाताला खोबऱ्याचा कीस, तसाच.
मी वळले
भिंतीकडे, जिथं कॅलेंडर आहे आणि त्यामागे ओल.
शाल्मलीने मोबाइल काढला होता,
तो खाली ठेवला.

म्हणजे त्याने पाहिलं होतं.
आरशातून की दाराच्या फटीतून, कोण जाणे,
पाहून ठेवलं होतं, तालमीला नेलं होतं.
विचारलं तेवढं नव्हतं.

प्रयोग फोंड्याला, थंडगार हॉलमध्ये.
मी पहिल्यांदाच प्रेक्षकांत. हात कुठे ठेवावेत कळेना.
"जा," म्हणाला तिचा नवरा.
शाल्मली वळली.
माझीच पाठ, पंचवीस वर्षांची, निळ्या कुर्त्यात.
शेजारी त्याचा हात खांद्याकडे गेला,
नसलेला पदर सावरायला.

जुन्या नाटकात ती परतते, पाया पडते.
या मुलाने तिथं नुसता काळोख केला.
टाळ्या वाजवाव्यात की नाही, लोकांना ठरवता येईना.

परतताना फर्मागुडीच्या चढावर तो म्हणाला,
"तेन्ना… कित्याक वळ्ळी गे?"

मी म्हटलं, काच वर कर, वारं लागतं.
मग सांगायला लागले, कोकणीत.
पुढे बसलेल्या भाच्याने
रेडिओ बारीक केला.