फाटक होतं तसं

मिसेस प्रॉबर्ट म्हणाल्या, वीस मिनिटांची तर टेकडी,
आमची नातवंडं नाश्त्याआधी जाऊन येतात.
फक्त ते फाटक.
सापडेल तसं ठेवून जा,
उघडं तर उघडं, लावलेलं तर लावलेलं.

बाबांनी नवे बूट घातले,
किमतीची चिठ्ठी अजून तळव्याला.
एकतीस वर्षं स्वान्सीत बस चालवली त्यांनी,
चढ आला की दुसरा गिअर;
पायांना सवय क्लचची आणि ब्रेकची.

पहिल्याच वळणावर थांबले.
दम लागला असं म्हणाले नाहीत.
"हॉस्पिटल," म्हणाले,
आणि बाजूला सरकून उतरणाऱ्यांना वाट दिली.
उतरलं कुणी नाही. एक मेंढी,
पाठीवर निळा ठिपका, रवंथ करत
बघत राहिली,
पास दाखवावा की नाही अशी.

मग नेच्यांतून पायवाट. मग ओढा, एका ढांगेचा,
त्यांनी तो दोन ढांगांत ओलांडला, एक पाण्यात.
"जुनी गोदी."
मग दगडी बांध, त्यावरून जायला लाकडी पायऱ्या,
"चर्च. सावकाश आजी, घाई नाही."
हे मला.
मी बावन्न वर्षांची.
मीही खांब धरून सावकाश उतरले.

हॉथॉर्नच्या झाडापाशी
(त्या अंगाला एकच झाड, वाऱ्याने एका बाजूला विंचरलेलं)
त्यांनी थांब्याचं नाव घेतलं नाही.
नुसते उभे राहिले.
धाप केव्हाच ओसरली होती,
वर चंडोल एकसारखा बोलत होता,
तरी निघेनात.
"इथे एक जण रोज उशिरा यायची," म्हणाले,
"एका हाताने टोपी धरून, पळत.
वेळापत्रकात बसायचं नाही ते.
पण मी थांबायचो."
मी विचारलं नाही कोण.
आईच्या टोप्यांचा डबा अजून कपाटावर आहे.

माथ्यावर दगडांची रास आणि वारा,
इतका, की बोललेलं शेजारच्या कानात न शिरता
थेट इंग्लंडात जावं.
"शेवटचा थांबा!" ओरडले बहुतेक.
ओठांवरून कळलं.
थर्मासमधला चहा घेतला, अर्धा वाऱ्याने घेतला.
खाली मिसेस प्रॉबर्टचं छप्पर नखाएवढं,
दोरीवर आमचेच टॉवेल.
घड्याळात एक तास दहा मिनिटं झाली होती.
"वेळेवर," बाबा म्हणाले.

उतरताना थांबे घेतले नाहीत,
डेपोकडे निघालेली रिकामी गाडी कुठे थांबत नाही.
हॉथॉर्नपाशी चाल जरा मंदावली,
की मलाच वाटलं.

फाटक उघडं होतं.
येताना कसं होतं, आठवेना,
मला नाही, त्यांना नाही.
आपणच उघडलं ना? की उघडंच होतं?
मेंढ्यांनी मान वर केली नाही.
बाबा फाटकावर हात ठेवून उभे,
तोंड टेकडीकडे,
अजून कुणी येतंय का बघत.